आमच्या रानातला चारमिनार

माझे सासरे हैदराबादेहून परत आले त्या दिवशी सगळं गाव आमच्या ओसरीवर जमलं होतं. गाव म्हणजे तरी केवढं? टेंभुर्णीहून कोसभर आत, पस्तीस-चाळीस उंबरे. त्यांतल्या एकानंही हैदराबाद पाहिलेलं नव्हतं. बांधाचा एक जुना तंटा वरच्या कोर्टात गेला, म्हणून मामंजींना जालन्याहून रेल्वेनं जावं लागलं आणि आठ दिवस तिकडंच राहावं लागलं. सासऱ्यांना मी मामंजी म्हणत असे. ते गाडीतून उतरले तेव्हा त्यांचे डोळे लालभडक होते. "रेल्वेचा धूर," असं म्हणून ते बाजेवर बसले. तंट्याचं काय झालं हे कुणी विचारलंच नाही.

"काय काय पाह्यलं?" सुतारानं विचारलं.

"चारमिनार," मामंजी म्हणाले.

"ते कसं असतंय?"

मामंजींनी इकडंतिकडं पाहिलं, उठले आणि ज्या बाजेवर बसले होते तिच्यावर थाप मारली. "हे असं. चार पाय, अन् खालून वाट. इकडून टांगा शिरला की तिकडून निघतो. दिवसभर खालून लोक चालूच. थंडगार दगूड."

"अन् वर?"

"वर लई हाय," मामंजी म्हणाले आणि पाणी मागितलं.

सुतारानं कनवटीचं एक नाणं काढलं. आमच्या राज्यातल्या नाण्यावर चारमिनाराचं चित्र असायचं, पण हे नाणं इतक्या हातांतून गेलेलं होतं की सुपारीसारखं गुळगुळीत झालं होतं. "चारमिनार म्हणत्यात ते हेच का?"

मामंजींनी नाणं डोळ्याजवळ नेलं, लांब धरलं आणि परत दिलं. "हे त्याचं लहानपनचं हाय."

मी दाराआड उभी होते. माझं माहेर आष्टीचं. वडील शाळामास्तर, त्यामुळं मला मराठी वाचता तर येतच होतं, शिवाय त्यांनी उर्दू वाचायलाही शिकवलं होतं. त्यांच्या एका पुस्तकात मी चारमिनाराचं चित्र पाहिलं होतं. चार कोपऱ्यांना चार उंच मिनार, म्हणजे आपले मनोरे, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर घुमट. नावाचा अर्थ नावातच होता. पण लग्नात निघताना आईनं कानात सांगितलं होतं, "तिकडं गेल्या गेल्या वाचता येतं म्हणून सांगू नको. कामं वाढतात." दीड वर्ष झालं होतं, मी कुणाला सांगितलं नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं. त्यामुळं बाजेसारखा चारमिनार मी निमूट ऐकून घेतला.

मामंजींनी सासूबाईंसाठी हैदराबादेहून बांगड्या आणल्या होत्या. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो. पुडकं सोडून आत्याबाईंनी त्या एकेक करून मांडीवर मांडल्या. एक बांगडी हिरवी, एक जांभळी, दोन पिवळ्या, एक लाखेची जाडजूड. दोन मनगटात चढेनात आणि एक कोपरापर्यंत जाऊन परत खाली यायची.

"ह्या अशा कशा?" त्यांनी विचारलं.

"तिकडं अशाच घालतेत," मामंजी म्हणाले. "शहरातली रीत हाय."

आत्याबाईंनी मग त्या तशाच घातल्या. पुढच्या बाजारी आमच्या गल्लीतल्या चार बायकांनी कासाराकडून मुद्दाम बेजोड बांगड्या भरून घेतल्या. कासारानं समजावून पाहिलं, तेव्हा त्याला हैदराबादेतलं काही कळत नाही असं त्या म्हणाल्या.

बांगड्यांपेक्षाही तो शब्द जास्त पसरला. आमच्या गावाला नवा शब्द वर्षातून एखादाच मिळायचा आणि हा तर चांगला दांडगा होता. पंधरा दिवसांत चार पायांचं जे जे असेल ते चारमिनार झालं. सुतार लोकांना विचारू लागला, "देवाला चौरंग करू का बारका चारमिनार करू?" शेजारच्या काकू माझ्याकडं येऊन टेकायच्या आणि म्हणायच्या, "सकाळधरनं चारमिनार होऊन सारवून राह्यले, बाई. कंबर कामातून गेली." मग एक दिवस न्हाव्याचा बैल ओढ्याच्या चिखलात घसरला आणि चारी पाय वर करून पडला. न्हावी पळत गावात आला आणि ओरडला, "बैल चारमिनार झाला!" लोक दोर घेऊन धावले आणि बैल निघाला, पण भांडण तिथूनच सुरू झालं.

सुताराचं म्हणणं, पाय खाली असतील तरच चारमिनार. "वर पाय करून कोन इमारत बांधतंय?"

न्हाव्याचं म्हणणं, पाय वर असतील तरच. "अरे, मिनार वर असत्यात का खाली?"

खरं तर न्हावी बराच जवळ पोचला होता. पण हे सांगणार कोण? दोघं आमच्या ओसरीवर आले. चारमिनार पाहून आलेला एकच माणूस गावात होता. मामंजींनी दोघांचं ऐकून घेतलं, मिशीवरून हात फिरवला आणि निकाल दिला. "दोनी बराबर. एक उभा चारमिनार, एक पडेल चारमिनार." न्हावी आणि सुतार दोघंही समाधानानं घरी गेले. त्यानंतर आमच्या गावात कुणी नुसतं चारमिनार म्हणायचं नाही, उभा की पडेल हे आधी सांगायचं.

जोंधळा निसवला, कणसं बाहेर आली तशी पाखरं यायला लागली. दाण्यात आलेलं रान राखायला शेतात चार मेढी रोवून त्यांच्यावर फळ्या टाकतात, त्याला माळा म्हणतात. त्यावर उभं राहून गोफणीनं पाखरं हाकलायची. मामंजींनी त्या साली माळा चांगला दोन पुरुष उंच केला आणि त्याच्या खालून बैलगाडी जाईल एवढं अंतर मेढींमध्ये ठेवलं. "आता ह्यो खरा," ते म्हणाले. तेव्हापासून ते सगळं रानच चारमिनार झालं. "कुठं चाललीस?" "चारमिनाराकडं, भाकरी घेऊन." "बैल कुठं हायेत?" "चारमिनाराखाली." दिवसातून दहा वेळा मी तो शब्द ऐकत होते आणि मला हसू दाबून भाकरी थापाव्या लागत होत्या.

अशातच पटवारी पिकांची पाहणी लिहायला आला. आमचा पटवारी पाहणी करायचा ती ओसरीवर बसून. उन्हात जाणं त्याला मानवत नसे. एक एक शेत विचारायचा, एक एक ओळ उर्दूत लिहायचा आणि मध्ये मध्ये चहा प्यायचा. आमच्या शेजारच्या शेताची पाळी आली तेव्हा त्यानं विचारलं, "हे कुठंशी येतं?"

"चारमिनाराच्या उगवतीला," मामंजी म्हणाले.

पटवाऱ्याला भाच्याच्या लग्नाला निघायची घाई होती. त्यानं लिहून टाकलं, "चारमिनाराच्या पूर्वेस." आणि तो कागद तालुक्याच्या कचेरीत गेला.

महिनाभरानं कचेरीतला एक चपराशी भर दुपारी आमच्या दारात आला. मामंजींच्या हातात एक मोहोरबंद कागद देऊन म्हणाला, "परवा तालुक्याचे साहेब मौक्यावर, जागा बघायला येऊन राह्यले. जबाब तयार ठेवा." पाणी प्यायला आणि गेला. पटवारी लग्नाहून परतलाच नव्हता. मामंजी कागद हातात धरून बसले. जरा वेळानं त्यांनी मान तिरकी केली, मग कागद तिरका केला. मी चपराशाचा तांब्या उचलायला बाहेर आले होते. मला ते बघवेना.

"मामंजी, उलटा धरलाय," मी बोलून गेले.

ओसरीवर मामंजी, आत्याबाई आणि आमचे मालक, म्हणजे मामंजींचा लेक, असे तिघं होते. तिघांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू गोठ्यातली म्हैसच बोलली होती.

"तुला कसं कळलं?" मामंजींनी विचारलं.

"मला वाचता येतं," मी म्हणाले. मी तांब्या खाली ठेवला. आता दीड वर्ष का लपवलं हे विचारतील, माहेरी निरोप जाईल, काय काय डोक्यात आलं. मामंजींनी मात्र कागद सरळ केला आणि माझ्यापुढं धरला. "मंग उभी काय ऱ्हायलीस? बैस अन् वाच."

मी पदर सावरून खाली बसले आणि एक एक ओळ मराठीत सांगत गेले. या गावात चारमिनार असल्याचं सरकारी कागदावरून दिसून येतं. तो कोणी बांधला? कोणाच्या परवानगीनं बांधला? राजधानीतल्या इमारतीचं नाव त्याला कोणत्या अधिकारानं दिलं? उंची किती? त्यावर कोण चढतं आणि चढून काय करतं?

"उंची दोन पुरुष," मामंजी हळूच म्हणाले. "चढतो मी. चढून पाखरं हानतो." मग त्यांचा आवाज आणखी खाली आला. "पोरी, त्या नावाचा अर्थ काय लिव्हलाय का त्यात?"

"अर्थ नावातच आहे मामंजी. चार म्हणजे चार, मिनार म्हणजे मनोरा. चार कोपऱ्याला चार मनोरे असतात."

"अन् आपल्या माळ्याला मनोरे किती?"

"एकही नाही."

मामंजींनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. आत्याबाईंनी तोडगा सांगितला, की माळाच मोडून टाका. पण आमचे मालक म्हणाले, मोडला तर कागदावरचा चारमिनार कुठं गेला म्हणून दुसरी चौकशी लागेल. हे सगळ्यांना पटलं. मग मामंजी एकदम उठले. "नाव वापरलं न्हवं? मंग नावापरमानं करू. उद्याच्याला मनोरे चढले पायजेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी सुतार, न्हावी आणि आमचे मालक रानात हजर झाले. चित्र पाहिलेली एकटी मीच होते, म्हणून मलाही नेलं. सासरच्या माणसांदेखत मी डोक्यावरून पदर घेऊन खाली उभी राहिले आणि सांगत गेले. सुतार वर चढून करत होता. चार मेढींच्या शेंड्यांना मागल्या सालच्या कडब्याच्या तीन-तीन पेंढ्या उभ्या बांधल्या, हे मनोरे झाले. त्यांवर आत्याबाईंची चार गाडगी चुन्यानं रंगवून पालथी घातली, ते घुमट. सुतार वरून विचारायचा, "वहिनी, बराबर दिसतंय का?" मी लांब जाऊन बघायची आणि म्हणायची, "डावीकडचा घुमट कलला." न्हावी म्हणाला, "बघा, मी म्हणत नव्हतो? वरच असतंय." सुतारानं त्याच्या अंगावर चुन्याचा कुंचला झटकला.

मला हे कबूल केलं पाहिजे की आयुष्यात इतकी मजा मला त्याआधी कधी आली नव्हती. जोंधळ्याच्या रानातून वर आलेले ते चार पांढरे घुमट ओढ्यापलीकडूनही दिसत होते. पाखरांनी तर त्या दिवशी रानाकडं फिरकायचंच सोडलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी साहेब घोड्यावरून आले. पन्नाशीचे, काटकुळे, दाढी नीट कातरलेली. सगळं गाव बांधावर उभं. साहेबांनी लांबूनच लगाम ओढला आणि एकटक बघत राहिले. मग उतरले, घोडा एका मेढीला बांधला, माळ्याखाली गेले आणि मान वर करून उभे राहिले.

"कौन बनाया ये?"

मामंजी हात जोडून पुढं झाले. "हम बनाया, सरकार. गलती हो गई. माफी मंगताय."

"असल चारमिनार देखे तुम?"

मामंजी "हौ" म्हणायला तोंड उघडून थांबले. सगळं गाव ऐकत होतं. साहेब शांतपणे त्यांच्याकडं बघत होते. काय झालं कोण जाणे, मामंजींच्यानं खोटं बोलवलं नाही. ते मराठीतच बोलायला लागले, साहेबांना मराठी बरीचशी कळत होती.

"न्हाई, सरकार. पाह्यला न्हाई. जाताना रेल्वेत कोळसा डोळ्यात गेल्ता. हैदराबादेत उतरलो तवर दोनी डोळे सुजून बंद. दवाखान्यात पट्टी बांधली. आठ दिवस वकिलाचा नोकर हाताला धरून फिरवायचा. एक दिवस म्हन्ला, ये चारमिनार. मी हात लावला, दगूड गार होता. खालून चाललो, टांग्यांचे आवाज आले. तेवढंच ठावं. जालन्याच्या टेसनावर पट्टी सोडली अन् घरी आलो."

मग आत्याबाईंनी आपले दोन्ही हात पदराबाहेर काढून समोर धरले आणि त्या बांगड्यांकडं पाहिलं. "अन् ह्या?" त्या कडाडल्या. "ह्या बी चाचपून आनल्या?"

"दुकानदार म्हन्ला, एक नंबर हायेत," मामंजी पुटपुटले.

बांधावरच्या चार बायकांनी आपापले हात मागं घेतले. मग न्हाव्याला हसू फुटलं, मग सुताराला आणि शेवटी साहेबांना. ते इतके हसले की मेढीला धरून उभे राहिले. मेढ हलली, आणि तेव्हा आम्हा सगळ्यांचं लक्ष वर गेलं. त्या कोपऱ्याचा मनोरा जाग्यावर नव्हता. पेंढ्यांची दोरी सुटून त्या खाली लोंबत होत्या आणि साहेबांचा घोडा डोळे मिटून त्या खात होता. घुमट जमिनीवर पडून फुटला होता.

"हा चारमिनार न्हाई," आत्याबाई रागातच म्हणाल्या, "हा चारामिनार हाय."

साहेबांना याचा अर्थ कुणीतरी सांगितला. तेव्हा तर ते बांधावर बसलेच.

नंतर कळलं की साहेब मूळचे त्या चारमिनाराच्या पाठच्याच गल्लीतले. नोकरीमुळं गावोगाव हिंडत होते आणि तीन वर्षं घरी गेले नव्हते. ते सुताराच्या हाताला धरून माळ्यावर चढले, मामंजींना वर बोलावलं आणि शेजारी बसवून असल चारमिनार कसा आहे ते सांगू लागले. मिनारात गोल जिने कसे आहेत, संध्याकाळी कबुतरं कशी बसतात, खाली बांगड्यांची दुकानं कुठून कुठवर आहेत. मामंजी डोळे मिटून ऐकत होते. मध्येच त्यांनी विचारलं, "पन सरकार, नावाचा आम्ही खेळ केला. बाजेलाबी तेच म्हन्लो."

साहेब म्हणाले ते मी खालून ऐकलं. त्यांच्या गल्लीतले लोकसुद्धा चारमिनार म्हणतात तेव्हा मिनार कुणाच्या डोक्यात नसतात. "चारमिनार जा रहा हूँ" म्हणजे भाजी आणायला चाललो, सुरमा आणायला चाललो. त्यांच्या आजोबांनी तर आयुष्यभरात एकदाही मान वर करून मिनार मोजले नव्हते. एवढं बोलून ते शेंगदाण्याची चटणी लावून कोवळा हुरडा खाऊ लागले.

मग त्यांनी मांडीवर कागद घेऊन अहवाल लिहिला. "किसने पढ़के सुनाया हमारा हुक्म?" त्यांनी विचारलं. सगळ्यांनी माझ्याकडं बोट दाखवलं. कागद माझ्या हातात आला. गावाला कळावं म्हणून मी मराठीत वाचला. मौक्यावर इमारत आढळली नाही. पाखरं राखायचा लाकडी माळा आढळला. चारमिनार हे त्याचं नाव आहे. ज्या माणसाचं नाव शेर असतं त्याच्याकडं जंगलात राहायचा परवाना मागत नाहीत. सबब चौकशी बंद. एक मिनार सरकारी घोड्यानं खाल्ला आहे, त्याबद्दल कोणी तक्रार करू नये. इथून पुढं पटवाऱ्यानं प्रत्येक शेत स्वतः पायी पाहून लिहावं.

पटवारी आठ दिवसांनी पुसट झालेल्या मेहंदीचे हात घेऊन आला आणि हे त्याला सांगितलं तेव्हा त्याला आधी चेष्टाच वाटली. मी कागद पुन्हा वाचून दाखवला. मग न्हाव्यानं त्याला छत्री दिली, आणि तो आयुष्यात पहिल्यांदा आमच्या शिवारात उतरला. जोंधळ्यात वाट चुकून त्यानं तीन हाका मारल्या.

आईचं म्हणणं मात्र खरं ठरलं, कामं वाढली. लोक कचेरीचे कागद घेऊन यायचे, रेल्वेत लागलेल्या लेकाची पत्रं घेऊन यायचे आणि मी चूल सोडून ओसरीवर बसायची. मामंजी स्वतः माझ्यासाठी घोंगडी अंथरायचे. भाकरी आता आत्याबाई करू लागल्या.

एक दिवस घरात कुणी नसताना त्या माझ्यापुढं येऊन बसल्या. जमिनीवर राख पसरली आणि म्हणाल्या, "त्या कचेरीच्या अक्षरात माझं नाव काढ बरं."

मी बोटानं काढलं. त्यांनी ते डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं.

"एवढुसंच?"

"छोटं नाव आहे तुमचं, आत्याबाई."

"मंग बाई लाव म्होरं," त्या म्हणाल्या. मी बाई लावलं. त्यांना तेही पुरेसं वाटेना, म्हणून मामंजींचं नाव जोडलं, मग आडनाव जोडलं. राख संपली तेव्हा चुलीतली आणखी राख आणून त्यांनी पुढं सारली आणि मला म्हणाल्या, "आता गावाचंबी घाल."